भुशीवर जप्त झालेली गाडी आणि पोलिसांचा अधिकार

पावसाळ्यातील शनिवार-रविवारी लोणावळ्याहून भुशी धरणाकडे जाणारा रस्ता दुपारनंतर जवळजवळ थांबतो. धरणाच्या पायऱ्यांवर बसून अंगावर पाणी घेणारी मंडळी एकीकडे आणि त्याच गर्दीतून कर्णकर्कश सायलेन्सरच्या दुचाकी हाकणारी टोळकी दुसरीकडे, हे दृश्य आता सवयीचे झाले आहे. त्यात अलीकडच्या वर्षांत भर पडली आहे ती डोंगरउतारावर, माळावर आणि ओढ्याच्या पात्रात गाड्या घालण्याच्या हौसेची. रुंद टायरांच्या, हँडलवर चालणाऱ्या चारचाकी 'एटीव्ही' लोणावळा परिसरात भाड्याने मिळतात. काही जण स्वतःच्या जीप आणि 'डर्ट बाइक' घेऊन येतात. एखादा अपघात झाला किंवा गावकऱ्यांशी वादावादी झाली, की एकच मागणी पुढे येते. ती म्हणजे या गाड्या जप्त करा आणि रोडरोलरखाली घाला.

मागणीमागचा संताप समजण्यासारखा आहे. मात्र तिच्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. गाडी ताब्यात घेण्याचा अधिकार पोलिसांना आहे. ती चिरडून टाकण्याचा नाही. या दोहोंच्या मध्ये परिवहन कार्यालय, दंडाधिकारी, विमा कंपनी, कर्ज देणारी वित्तसंस्था आणि मालमत्तेसंबंधीची घटनात्मक तरतूद अशी बरीच मंडळी उभी आहेत. त्यांना वगळून केलेली कारवाई टाळ्या मिळवते, परंतु न्यायालयात टिकण्याची खात्री देता येत नाही.

जमीन कोणाची?

भुशीच्या बाबतीत पहिला प्रश्न उद्भवतो तो जमिनीचा. इंद्रायणीवरील हे धरण पर्यटकांसाठी बांधलेले नाही. बोरघाटातील लोहमार्गाच्या काळात, एकोणिसाव्या शतकात, वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ते बांधले. इंजिने गेली, धरण रेल्वेकडे राहिले. आजूबाजूला वनखात्याची जमीन आहे, नौदलाची 'आयएनएस शिवाजी' ही प्रशिक्षण संस्था आहे, खासगी मालकीचे माळ आहेत आणि लोणावळा नगरपरिषदेची हद्दही आहे. पोलीस ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांच्या अखत्यारीत येतात. गाडी एका उतारावरून दुसऱ्या उतारावर गेली की तिला लागू होणारा कायदाच बदलावा, अशी इथली स्थिती आहे.

३० जून २०२४ रोजी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले आणि भुशीचे नाव देशभर झाले. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांसाठी प्रतिबंधात्मक आदेश काढले. योगायोग असा, की दुर्घटनेच्या दुसऱ्याच दिवशी, १ जुलै २०२४ पासून, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. पूर्वी ज्याला १४४ कलम म्हटले जाई ते आता १६३ झाले. अशा आदेशाचा भंग झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा होतो. कमाल शिक्षा सहा महिने किंवा अडीच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. जिवाला धोका निर्माण झाला असेल तर एक वर्ष किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. परंतु या कलमात गाडी सरकारजमा करण्याचा उल्लेख कोठेही नाही. शिवाय न्यायालयाला अशा गुन्ह्याची दखल घेता येते ती संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवरच. तेव्हा प्रतिबंधात्मक आदेश माणसांना रोखण्यास उपयोगी आहे, गाडीचा निकाल लावण्यास नाही.

रेल्वेच्या जमिनीवर विनापरवाना शिरणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. त्यातही शिक्षा होते ती घुसखोराला.

एटीव्ही हे 'मोटार वाहन' आहे काय?

या गाड्या भाड्याने देणाऱ्यांचा नेहमीचा युक्तिवाद असा असतो, की ही रस्त्यावरची गाडीच नव्हे, मग नोंदणी कसली आणि परवाना कसला? विक्रीच्या कागदांवरही बहुधा 'केवळ रस्त्याबाहेरच्या वापरासाठी' असे छापलेले असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील व्याख्या मात्र इतकी सैल नाही. कलम २(२८) नुसार यांत्रिक शक्तीवर चालणारे आणि रस्त्यावर वापरण्याजोगे केलेले कोणतेही वाहन हे मोटार वाहन आहे. त्यातून सूट आहे ती रुळांवरच्या वाहनांना, केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेल्या खास प्रकारच्या वाहनांना आणि चारपेक्षा कमी चाके व २५ घनसेंटिमीटरपर्यंतचे इंजिन असलेल्या वाहनांना.

'वापरण्याजोगे केलेले' या शब्दांवर सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच, बोलानी ओअर्स विरुद्ध ओरिसा राज्य या प्रकरणात, खल केला होता. खाणीतल्या डंपरसंबंधीच्या त्या वादात न्यायालयाने या शब्दांचा अर्थ 'वापरण्यास योग्य' असा लावला. पुढे २०१३ मध्ये राजस्थानातील एका प्रकरणात तर 'जुगाड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पाण्याच्या पंपाचे इंजिन लाकडी सांगाड्यावर बसवून केलेल्या गाडीचा प्रश्न आला. तिची कोणत्याही कंपनीने निर्मिती केलेली नव्हती आणि कोणत्याही कार्यालयात नोंद नव्हती. तरीही ती मोटार वाहनच आहे आणि कायद्याच्या सर्व अटी तिला लागू आहेत, असे न्यायालयाने स्पष्ट केले. जुगाड जर मोटार वाहन ठरते, तर कारखान्यात तयार झालेली, दिवे-ब्रेक असलेली आणि एका माळावरून दुसऱ्या माळाकडे डांबरी रस्त्यावरूनच नेली जाणारी एटीव्ही मोटार वाहन नाही, हे म्हणणे अवघड आहे.

बंदिस्त आवाराची सूट खरोखर लागू होते ती कुंपण घातलेल्या, तिकीट काढून आत जावे लागणाऱ्या खासगी मैदानावर. भुशीचा उतार तसा नाही. कायद्याच्या दृष्टीने 'सार्वजनिक ठिकाण' म्हणजे केवळ रस्ता नव्हे, तर जेथे जाण्याचा जनतेला हक्क आहे अशी कोणतीही जागा, मग तेथून आरपार वाट असो वा नसो. याहून महत्त्वाचे आहे कलम ३९. नोंदणी नसलेले वाहन 'सार्वजनिक ठिकाणी किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी' चालवता येणार नाही, असे ते सांगते. परवाना आणि वयासंबंधीची कलमे ३ व ४ सार्वजनिक ठिकाणापुरती मर्यादित आहेत. नोंदणीचे कलम तसे नाही. माळ आपल्या मालकीचा आहे, एवढ्याने त्यातून सुटका होत नाही.

कलम २०७ काय देते, काय देत नाही

वाहन ताब्यात घेण्याचा पोलिसांचा मुख्य अधिकार याच कायद्याच्या कलम २०७ मध्ये आहे. परवान्याविना चालवणे, वय कमी असताना चालवणे, नोंदणीविना चालवणे आणि व्यावसायिक वाहन परमिटशिवाय किंवा परमिटच्या विशिष्ट अटी मोडून चालवणे, या चार प्रसंगी पोलीस अधिकाऱ्याला वाहन अटकावून ठेवता येते. तसे मानण्यास त्याच्याकडे सबळ कारण हवे. इंग्रजी पाठात यासाठी जे दोन शब्द आहेत त्यांचा अर्थ 'ताब्यात घेणे' आणि 'अडकवून ठेवणे' एवढाच होतो. पुढे 'तात्पुरत्या सुरक्षित ताब्यासाठी' आवश्यक ती पावले उचलावीत, असेही म्हटले आहे. हा 'तात्पुरता' शब्द सगळ्यांत महत्त्वाचा. गाडी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी हा त्या अधिकाराचाच भाग आहे. परवाना, वय किंवा परमिटचा प्रश्न असेल तर गाडीऐवजी नोंदणी प्रमाणपत्र ताब्यात घेऊन पोच देण्याची मुभाही कलमात आहे. मालकाने कागदपत्रांसह अर्ज केला, की परिवहन अधिकारी पडताळणी करून, योग्य त्या अटी घालून गाडी सोडू शकतो. मावळ तालुक्यातील गाड्यांसाठी हा मार्ग पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयाकडे जातो; त्यांच्या क्रमांकाची सुरुवात 'एमएच १४'ने होते ती त्यामुळेच.

आता यात काय नाही ते पाहावे. बेदरकारपणे चालवणे हे या यादीत नाही. ज्याच्याकडे वैध परवाना, नोंदणी आणि विमा असे सर्व काही आहे, परंतु जो पन्नास माणसांच्या गर्दीतून एका चाकावर दुचाकी नेतो, त्याची गाडी कलम २०७ खाली अडकवता येत नाही. त्याच्यावर कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवल्याबद्दल कारवाई होते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे आणि विनावॉरंट अटकही होऊ शकते. आवाजाच्या सायलेन्सरसाठी कलम १९० आहे: दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने परवान्यासाठी अपात्रता. गाडीत बेकायदा फेरफार केल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १८२(अ) आहे. मात्र या कोणत्याही कलमाने गाडी मालकाची राहात नाही असे होत नाही.

मग पोलीस अशा वेळी गाडी नेतात ती कशाच्या आधारे? भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली (पूर्वीचे २७९) बेदरकार वाहन चालवल्याचा किंवा कलम १२५ खाली इतरांचा जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा नोंदवला जातो आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली गाडी मुद्देमाल म्हणून जप्त होते. येथेही एक मेख आहे. कलम २८१ 'सार्वजनिक मार्गा'विषयी बोलते. ओढ्याचे पात्र किंवा गवताळ उतार हा सार्वजनिक मार्ग आहे काय, यावर बचावाचा वकील तासभर बोलू शकतो. म्हणून जाणते तपास अधिकारी रस्ता सोडून झालेल्या प्रकारात कलम १२५ विसरत नाहीत.

ब्रिटनशी तुलना केली तर ही उणीव लक्षात येते. तेथील १९८८ च्या रोड ट्रॅफिक कायद्याच्या कलम ३४ ने रस्ता सोडून माळरानावर, सार्वजनिक कुरणावर किंवा पायवाटेवर मोटार घालणे हाच स्वतंत्र गुन्हा केला आहे. आपला मोटार वाहन कायदाही १९८८ चाच. परंतु त्यात असे थेट कलम नाही. आपल्याकडे डोंगरावर गाडी घातल्याचा गुन्हा नसतो. असतो तो नोंदणी नसल्याचा, परवाना नसल्याचा किंवा कोणाच्या तरी जिवाला धोका पोहोचवल्याचा.

जंगलात शिरलेली गाडी

वनहद्दीत वनाधिकाऱ्यांना स्वतंत्र अधिकार आहेत. भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील वाहन जप्त करण्याच्या आणि सरकारजमा करण्याच्या तरतुदी मुख्यतः लाकूड व वनोपजाची चोरी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या आहेत. साधी घुसखोरी असेल तर कलम ६८ नुसार नुकसानभरपाई घेऊन प्रकरण मिटवण्याची मुभा अधिकृत अधिकाऱ्याला असते. अभयारण्यात मात्र वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो आणि त्याचे कलम ३९ कडक आहे. गुन्ह्यात वापरलेले व जप्त झालेले वाहन राज्य सरकारची मालमत्ता होते, असे ते म्हणते. या कलमाच्या बळावर एके काळी जप्ती होताच वाहन सरकारचे झाले असे मानले जाई. मध्य प्रदेश राज्य विरुद्ध मधुकर राव या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ नाकारला. वाहन खरोखर गुन्ह्यात वापरले गेले असा निष्कर्ष खटल्यात निघाल्यावरच ते सरकारचे होईल, तोपर्यंत दंडाधिकारी ते हंगामी स्वरूपात परत देऊ शकतात, असे न्यायालय म्हणाले. देशातील सर्वांत कडक कायद्यांपैकी एकाची ही गत असेल, तर साध्या वाहतूक गुन्ह्यात पोलिसांनी परस्पर गाडी संपवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

चिरडणे, उडवणे, भंगारात काढणे

तरीही आपल्या डोळ्यांसमोर नष्ट करण्याची दृश्ये असतात, हे खरे. पुणे, मुंबई, नागपूर या शहरांत पोलिसांनी काढून घेतलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत येत असतात. पण त्यात चिरडला जातो तो बेकायदा सुटा भाग. मूळ सायलेन्सर बसवून आणि दंड भरून दुचाकी मालकाकडे परत जाते. छायाचित्र पाहणाऱ्याच्या मनात मात्र गाडीच चिरडल्याचा समज राहतो.

दुसरे दृश्य पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचे, भीमेच्या पात्रातले. दौंड, इंदापूर आणि उजनीच्या फुगवट्यात वाळू उपसणाऱ्या यांत्रिक बोटी महसूल व पोलीस पथकांनी जिलेटिनने उडवून दिल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. बोट पाण्याबाहेर काढणे कठीण, ठेवायला जागा नाही आणि पथक परतले की रात्रीत तीच बोट पुन्हा सुरू, हे त्यामागचे व्यावहारिक कारण. परंतु महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ मध्ये जो क्रम दिला आहे तो वेगळा आहे. यंत्रसामग्री जप्त करावी, ४८ तासांच्या आत जिल्हाधिकारी किंवा किमान उपजिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे हजर करावी आणि दंड व पुन्हा असा वापर न करण्याचे बंधपत्र घेऊन ती सोडता येईल, असा तो आहे. वाळूमाफियांविषयी कोणालाही सहानुभूती नसल्याने स्फोटांविरुद्ध फारशी ओरड होत नाही. पण जी पद्धत एकाला लागू केली ती उद्या दुसऱ्याला लागू करावीशी वाटते, आणि एटीव्हींबाबतची मागणी हे त्याचेच उदाहरण आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०० (अ) मध्ये एक छोटे वाक्य आहे. कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणत्याही व्यक्तीस तिच्या मालमत्तेपासून वंचित केले जाणार नाही, असा त्याचा आशय. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला गेला, तरी हे संरक्षण राहिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये घरांवर बुलडोझर चालवण्याच्या प्रकारांवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने प्रशासन स्वतःच न्यायाधीश होऊन शिक्षा म्हणून मालमत्ता पाडू शकत नाही, असे ठणकावले. तो निकाल बांधकामांपुरता होता. घर आणि दुचाकी यांची बरोबरी होत नाही. पण गुन्हा केला कोणी, मालक कोण आणि शिक्षा कोणी ठरवायची, हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच.

गाडी कायदेशीररीत्या नष्ट होण्याचे मार्ग आहेत, नाहीत असे नव्हे. न्यायालय खटल्याच्या दरम्यान किंवा शेवटी मुद्देमालाची विल्हेवाट लावण्याचा आदेश देऊ शकते. त्यात परत देणे, सरकारजमा करणे, विकणे आणि नष्ट करणे हे सारे पर्याय येतात. बेवारस गाड्यांबाबत महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ नुसार जाहीर उद्‌घोषणा करून, कोणी हक्क सांगितला नाही तर लिलाव करता येतो. पोलीस ठाण्यांच्या 'बेवारस वाहने' या मथळ्याखालील जाहिराती याच प्रक्रियेचा भाग असतात. याशिवाय केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये वाहन भंगार केंद्रांसाठी नियम केले. अंमलबजावणी यंत्रणांनी अडकवलेली किंवा सोडून दिलेली वाहने नोंदणीकृत केंद्रात मोडीत काढता येतील, अशी सोय त्यात आहे. तेथे गाडी कापली जाते आणि तसे प्रमाणपत्र मिळते. रोडरोलरसारखा देखावा त्यात नाही.

परदेशांतही चिरडण्याची दृश्ये याच क्रमाने येतात. न्यूयॉर्क शहराने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये रस्त्यावर बंदी असलेल्या डर्ट बाइक व एटीव्ही बुलडोझरखाली घातल्या, महापौर हजर होते आणि कॅमेरेही. परंतु त्या आधी जप्त झालेल्या गाड्या होत्या. ब्रिटनमध्ये २००२ च्या पोलीस रिफॉर्म कायद्याच्या कलम ५९ ने गणवेषातील पोलिसाला लोकांना भीती, त्रास किंवा उपद्रव होईल अशा रीतीने चालवलेली गाडी जप्त करण्याचा अधिकार दिला. त्याआधी एकदा ताकीद द्यावी लागे. ही ताकिदीची अट काढून टाकणारे विधेयक २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे आले. जप्त गाडीची विल्हेवाट लावण्यापूर्वीची १४ दिवसांची मुदत ४८ तासांवर आणण्याचा प्रस्तावही तेथील सरकारने त्याच वर्षी मांडला. म्हणजे ब्रिटिशांना घाई झाली तेव्हा त्यांनी कायदा बदलण्याचा मार्ग धरला. मुदत दोन आठवडे असावी की दोन दिवस, हा तेथील वाद आहे. आपल्याकडे पोलीस ठाण्याच्या आवारात दोन-दोन पावसाळे काढलेल्या गाड्या दिसतात.

आवारात सडणारा मुद्देमाल

खरा प्रश्न येथे आहे. कोणत्याही पोलीस ठाण्याच्या आवारात गेले तर भिंतीलगत गंजलेल्या दुचाकींची रांग दिसते. टायर गेलेले, बॅटरी काढलेली, पत्र्यातून गवत उगवलेले. लोणावळ्यासारख्या, पाऊस कित्येक आठवडे न थांबणाऱ्या ठिकाणी गाडीची माती व्हायला फार काळ लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २००२ रोजी सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात हाच विषय हाताळला होता. ते प्रकरणही बोलके आहे: पोलीस ठाण्यातील मौल्यवान मुद्देमालाची अफरातफर केल्याचा आरोप पोलिसांवरच होता. त्यानिमित्ताने न्यायालयाने जप्त वाहनांविषयी सूचना दिल्या. गाड्या दीर्घकाळ ठाण्यात ठेवण्यात काही अर्थ नाही. दंडाधिकाऱ्यांनी ताबडतोब योग्य आदेश द्यावेत. पंचनामा व छायाचित्रे करून, बंधपत्र व हमी घेऊन गाडी परत द्यावी. मालक, आरोपी किंवा विमा कंपनी यांपैकी कोणी दावा करीत नसेल तर लिलाव करावा. २०१० मध्ये विमा कंपन्यांच्या संघटनेच्या याचिकेवर न्यायालयाला या सूचनांची पुन्हा आठवण करून द्यावी लागली, यावरूनच त्या किती पाळल्या जात होत्या हे कळते.

नव्या संहितेच्या कलम ४९७ मध्ये प्रथमच या कामाला दिवस ठरवून दिले आहेत. मुद्देमाल न्यायालयापुढे आल्यावर १४ दिवसांत त्याची यादी करावी, छायाचित्रे व गरज पडल्यास चित्रफीत घ्यावी आणि त्यानंतर ३० दिवसांत त्याची विल्हेवाट, नाश, सरकारजमा किंवा परत देणे यांपैकी योग्य तो आदेश द्यावा. 'नाश' हा शब्द येथे आहे. मात्र तो दंडाधिकाऱ्याच्या लेखणीतून यायला हवा, पोलीस निरीक्षकाच्या तोंडी हुकमातून नव्हे. याच संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण आता बंधनकारक आहे. गाडी नेताना तिच्यावर ओरखडा होता की नव्हता, आरसा शाबूत होता की नव्हता, हा जुना वाद त्यामुळे काही प्रमाणात मिटावा.

मालक एक, चालक दुसरा

भुशीच्या परिसरातील भाड्याच्या एटीव्हीबाबत आणखी एक गुंतागुंत आहे. चालवणारा असतो मुंबई-पुण्याचा पर्यटक आणि मालक असतो बहुधा स्थानिक. पर्यटक संध्याकाळच्या लोकलने किंवा द्रुतगती मार्गाने परत जातो. गाडी गमावतो तो कर्ज काढून ती घेतलेला तरुण. तो अगदीच निर्दोष असतो असे नाही. परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिल्याबद्दल मालक कलम ५ व १८० खाली जबाबदार आहे, दंड पाच हजार रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. नोंदणी नसल्याबद्दल कलम १९२ खाली पहिल्या वेळी दोन ते पाच हजार रुपये दंड आहे. एका मोसमाच्या कमाईपुढे या रकमा किरकोळ वाटतात.

किरकोळ नाही ते अल्पवयीनांचे कलम. २०१९ मध्ये आलेल्या कलम १९९(अ) नुसार अल्पवयीनाने वाहतुकीचा गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला २५व्या वर्षापर्यंत परवाना नाही. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे पोर्शे मोटारीने दोघांचा बळी घेतला तेव्हा हे कलम घरोघरी चर्चिले गेले. त्या मोटारीची कायम नोंदणी झालेली नव्हती, ही बाबही तेव्हाच उघड झाली. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला 'एक फेरी मार' म्हणून एटीव्हीवर बसवणाऱ्या आई-वडिलांना हे कलम आपल्यालाही लागू आहे, याची कल्पना नसते.

विम्याचा मुद्दा तर क्वचितच कोणी विचारात घेते. सार्वजनिक ठिकाणी वाहन वापरायचे तर कलम १४६ नुसार त्रयस्थ व्यक्तीचा विमा सक्तीचा आहे. नोंदणीच नसलेल्या गाडीचा असा विमा बहुधा उतरवलेलाच नसतो. उतारावरून घसरलेल्या एटीव्हीखाली एखादी बाई सापडली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाईचा निवाडा देईल. परंतु ती द्यायची मालकाने आणि चालकाने, स्वतःच्या खिशातून. त्या मालकाकडे वसूल करण्याजोगे असते ते एवढेच, ती गाडी. ती रोडरोलरखाली गेली असेल तर जखमीच्या हाती निवाड्याचा कागद राहतो.

शेवटी राहतो तो जप्त एटीव्ही परत मिळण्याचा प्रश्न. दुचाकीस्वाराला नोंदणीपत्र, विमा, परवाना आणि दंडाची पावती दाखवून आठवडाभरात गाडी सोडवता येते. एटीव्हीच्या मालकाजवळ त्यांपैकी मुख्य कागद, नोंदणी प्रमाणपत्र, नसतो आणि तो नंतरही मिळत नाही. रस्त्यावर वापरण्यासाठी संमत नसलेल्या वाहनाची नोंदणी परिवहन कार्यालय करीत नाही. कलम २०७ खालच्या सुटकेसाठी जी कागदपत्रे हवीत ती मुळातच अस्तित्वात नाहीत. त्याला एकच वाट उरते: दंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करून, खरेदीचे बिल दाखवून, यापुढे ती केवळ बंदिस्त आवारातच वापरू असे बंधपत्र लिहून देणे. ते मान्य करायचे की नाही, हे न्यायालयाच्या विवेकावर आहे. पुष्कळांना ही वाट ठाऊक नसते, किंवा वडगाव मावळच्या न्यायालयात खेपा घालण्याचा आणि वकिलाचा खर्च गाडीच्या किमतीला भारी पडतो. मग ते अर्जच करीत नाहीत, आणि गाडी ठाण्याच्या भिंतीलगतच्या रांगेत पावसात उभी राहते.